परीक्षा विभागाचा अतिरिक्त कार्यभार आलाय आणि स्टाफ हलत नाही, काय करू?

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असा की तुम्ही मूळचे प्राध्यापक, राज्य विद्यापीठात परीक्षा विभागातल्या एका मोठ्या शाखेचा अतिरिक्त कार्यभार तुमच्या गळ्यात पडलाय, हाताखाली साधारण अर्धे कायम कर्मचारी आणि अर्धे कंत्राटी, कायमवाले फाईल हलवत नाहीत, कंत्राटी पोरं रात्री आठपर्यंत बसतात, संघटनेची धास्ती आहे, आणि पगार-बढती यातलं काहीच हातात नसताना या लोकांना मोटिव्हेट कसं करायचं. शिवाय शेवटी विचारलंय की बायोमेट्रिक कडक केलं आणि कॅमेरे बसवले तर फरक पडेल का.

मी विद्यापीठात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि उपकुलसचिव म्हणून निवृत्त झालो, मधला बराच काळ आस्थापना आणि परीक्षा या दोन विभागांत गेला. त्यामुळे मी जे सांगतोय ते महाराष्ट्रातल्या सरकारी विद्यापीठांपुरतंच धरा, खासगी आणि अभिमत विद्यापीठांचं गणित वेगळं, तिथे माणसाला काढता येतं आणि बक्षीसही देता येतं. सरकारी विद्यापीठांतही सगळं एक नाही. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या जुन्या ठिकाणी कायम कर्मचाऱ्यांची पिढ्यान्पिढ्यांची घडी आहे, प्रत्येक टेबलाची परंपरा आहे. सोलापूर (२००४) किंवा गडचिरोलीचं गोंडवाना (२०११) अशा नव्या विद्यापीठांत मंजूर पदंच कमी, त्यामुळे कामाचा मोठा भाग कंत्राटी लोकांवरच उभा असतो. तुम्ही तुमच्या विद्यापीठाचं नाव लिहिलेलं नाही ते बरंच केलं, पण वर्णनावरून जुनं वाटतंय, तसंच धरून लिहितो.

पहिली गोष्ट, "मोटिव्हेशन" हा शब्द काही दिवस बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलंय "कायमवाले काम करत नाहीत". हे एक वाक्य आहे पण त्यात निदान चार वेगवेगळे प्रकार मिसळलेत. एकाला काम येत नाही, कारण दहा वर्षं टपालात काढून तो परवाच लेजरच्या, म्हणजे गुणांच्या नोंदींच्या, टेबलावर आलाय आणि कोणी शिकवलेलं नाही. दुसऱ्याला येतं पण सही करायची भीती वाटते. तिसरीला येतं, भीतीही नाही, पण तिच्या टेबलावर तिघांचं काम आहे त्यामुळे तिचीच पेंडन्सी सगळ्यात जास्त दिसते. आणि चौथा खरोखर टाळतो. बाहेरून बघितलं की चारही टेबलांवर सारखाच गठ्ठा दिसतो. माझ्या अनुभवात पूर्ण शाखेत खरे टाळणारे एखाद-दोन असतात, पण तेच सगळ्यात मोठ्याने बोलतात म्हणून वाटतं सगळेच तसे. तेव्हा पहिले पंधरा दिवस कोणालाही काही ऐकवू नका, टेबलाटेबलाशी खुर्ची टाकून बसा आणि एकच विचारा, ही फाईल इथे का थांबलीये. "का केलं नाही" असं नाही हं, "का थांबलीये". यात फार फरक पडतो, पहिल्यात माणूस बचाव करायला लागतो, दुसऱ्यात तो तुम्हाला रस्ता दाखवतो.

उदाहरण घ्या निकाल राखीव प्रकरणांचं, म्हणजे काही पूर्तता बाकी म्हणून थांबवलेल्या निकालांचं. विद्यार्थी खिडकीवर येऊन भांडतो, तुम्हाला वाटतं क्लार्क फाईल दाबून बसलाय. बसून बघितलं की कळतं, कॉलेजने अंतर्गत गुण वेळेत पाठवलेले नाहीत, किंवा पात्रता विभागाकडून विद्यार्थ्याची पात्रता निश्चित झालेली नाही, किंवा आधीच्या सत्राचा एटीकेटीचा निकाल जुन्या सिस्टिममध्ये अडकलाय. क्लार्कने कॉलेजला तीन फोन केले, ते लेखी कुठेच नाहीत. आता या माणसाला तुम्ही "मनापासून काम करा" असं भाषण दिलं तर तो मान हलवेल आणि तुम्ही गेल्यावर शेजारच्याकडे बघून हसेल. त्याला भाषण नको असतं. पात्रता विभागाच्या उपकुलसचिवांशी तुमच्या पातळीवर बोलून दर शुक्रवारी राखीव निकालांची यादी एकत्र बसून निकाली काढायची अशी व्यवस्था तुम्ही लावून दिलीत ना, की तोच माणूस दुसऱ्या आठवड्यात स्वतःहून यादी घेऊन येतो.

आता तुमच्या हातात काय नाही ते एकदा स्पष्ट करून घेऊ. पगार नाही, तो वेतन आयोगाचा. बढती नाही, ती सेवाज्येष्ठता, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रमतक्ता) आणि रिक्त पदांवर. शिस्तभंगाची कारवाईही तुमची नाही, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ प्रमाणे सहायक कुलसचिवाच्या खालच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे नियुक्ती आणि शिस्तभंग प्राधिकारी कुलसचिव आहेत, तुम्ही फक्त अहवाल देऊ शकता. हे स्टाफला तुमच्यापेक्षा चांगलं माहिती असतं. म्हणून "बघून घेईन" ही भाषा प्राध्यापक साहेबांच्या तोंडी आली की तिथेच तुमची किंमत संपते. पण चार गोष्टी नक्की तुमच्या हातात आहेत: काम कोणाला किती, चूक झाल्यावर कोणाच्या मागे कोण उभं राहणार, कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या अडलेल्या फाईली, आणि गोपनीय अहवाल, म्हणजे त्याच्या वर्षभराच्या कामाबद्दल साहेबाने लिहायचा शेरा. मी या चारांवरच बोलतो, बाकी वाढदिवसाचा केक, महिन्याचा उत्तम कर्मचारी वगैरे ज्याला हौस आहे त्याने करावं, नुकसान नाही पण फायदाही मी पाहिलेला नाही.

काम वाटपापासून सुरुवात करतो कारण सगळ्यात जास्त सडलेलं तिथेच असतं. आपल्या ऑफिसांत एक अलिखित नियम आहे, जो काम करतो त्यालाच काम द्या. एखादी मुलगी एक्सेलमध्ये हुशार निघाली की दीक्षांत समारंभाचा डेटा तिच्याकडे, नॅकचा (विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी संस्था) डेटा तिच्याकडे, विधिमंडळाचा तारांकित प्रश्न आला तरी माहिती तिनेच काढायची. आणि ज्याने एकदा मुद्दाम घोळ घातला त्याच्याकडे पुन्हा कोणी काम देत नाही, त्याचा चहा निवांत. म्हणजे शाखेत तुम्ही काय शिकवलंत? हुशारी दाखवलीत तर शिक्षा, घोळ घातलात तर सुट्टी. चांगली माणसं तीनचार वर्षांत थंड होतात ती आळसामुळे नाही हो, हिशोब करून होतात.

यावर मी जे करायचो ते साधं होतं. शाखेतल्या सगळ्या कामांची एक यादी, अगदी टपाल फोडण्यापासून ते निकालपत्रक अंतिम करण्यापर्यंत, प्रत्येकापुढे आत्ता कोण करतो आणि तो नसेल तर कोण करणार. ही यादी मी एकट्याने नाही करायचो, सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवून करायचो, शिपाई मामांनासुद्धा, कारण उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कुठून कुठे जातात आणि कुठे हरवतात ते फक्त त्यांनाच माहिती असतं. यादी भरायला लागलं की गंमत होते, दोन नावं प्रत्येक ओळीत येतात आणि दोन नावं कुठेच येत नाहीत. तुम्हाला एक शब्द बोलावा लागत नाही. मग वाटप कार्यालयीन आदेश म्हणून काढायचं, तुमच्या सहीने, आणि सहा महिन्यांनी बदलणार हे त्यातच लिहायचं. सहा महिने का, तर एक सत्र पूर्ण फिरतं, परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट, कॅप सेंटर (उत्तरपत्रिका तपासणीचं केंद्र), निकाल, फोटोकॉपी-पुनर्मूल्यांकन, सगळं एकदा हातातून गेल्याशिवाय माणूस टेबल शिकत नाही. दर महिन्याला टेबलं हलवणारे अधिकारी मी पाहिलेत, त्यात कोणीच कशाचाच धनी राहत नाही. आणि खिडकीचं टेबल मात्र एकाच माणसाला सहा महिने देऊ नका, विद्यार्थ्यांच्या शिव्या खाऊन माणूस कडवट होतो, तिथे पंधरवड्याला बदल ठेवा आणि जुन्या लोकांनाही बसवा, नुसत्या कंत्राटी पोरांना नाही.

दुसरं सहीचं. हे प्राध्यापकांना लवकर कळत नाही म्हणून जरा विस्ताराने सांगतो. विद्यापीठात टिपणी खालून वर जाते, कनिष्ठ लिपिक लिहितो, वरिष्ठ लिपिक, कक्षाधिकारी, सहायक कुलसचिव, उपकुलसचिव, संचालक असं करत कुलगुरूंपर्यंत. काही चांगलं झालं की श्रेय वरून सुरू होतं आणि चौकशी लागली की खालून सुरू होते, "मूळ टिपणी कोणाची?" लेखापरीक्षणाचा आक्षेप पाच-सात वर्षांनी निघतो, तेव्हा वरचे साहेब बदललेले असतात, सापडतो तो टेबलवरचा माणूस. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेल्याला विचारा, त्याच्या डोक्यात एकच असतं, ना-देय दाखल्यात काही अडकायला नको, ग्रॅच्युइटी थांबायला नको. माहिती अधिकारात उशीर झाला तर दिवसाला २५० आणि कमाल २५,००० रुपये दंड माहिती अधिकाऱ्याला स्वतः भरावा लागतो, संस्थेला नाही. अशा वातावरणात फाईलवर "चर्चा करावी" लिहून परत पाठवणं हा शहाणपणा ठरतो. तुम्ही त्याला आळस म्हणताय.

यावर उपाय तुमच्याकडे आहे आणि फुकट आहे. तोंडी आदेश बंद करा. "करून टाका हो, मी आहे ना" हे वाक्य त्यांनी शंभर साहेबांकडून ऐकलंय आणि तो साहेब नंतर नव्हता हेही पाहिलंय. जे सांगायचं ते फाईलवर दोन ओळींत लिहा, तुमचा निर्णय तुमच्या अक्षरात, तारखेसह. फोनवर सांगावंच लागलं तर "आजच्या चर्चेनुसार" म्हणून त्याला टिपणीत लिहू द्या आणि त्यावर सही करताना खळखळ करू नका. दुसरं, जी प्रकरणं पुन्हा पुन्हा येतात, नावातली दुरुस्ती, आईच्या नावातली चूक, गुणपत्रिकेची दुय्यम प्रत, पीआरएनची (विद्यार्थ्याच्या कायम नोंदणी क्रमांकाची) गडबड, त्यांच्यासाठी एक-एक नमुना टिपणी करून ठेवा आणि ती एकदाच संचालकांकडून मान्य करून घ्या, म्हणजे त्या चौकटीत बसणाऱ्या प्रकरणाला क्लार्कला स्वतःचं डोकं पणाला लावावं लागत नाही आणि प्रकरण दोन सह्यांत संपतं. एवढं झालं की अर्धी पेंडन्सी उतरते. मी हे वेगवेगळ्या टेबलांवर करून पाहिलंय आणि दरवेळी तोच माणूस, ज्याला सगळे "अडवणारा" म्हणायचे, सगळ्यात आधी मोकळा झाला.

आणि चूक झाली की काय करायचं. गुण भरताना ४५ चे ५४ होणार, कधीतरी होणारच, हजारो नोंदी आहेत. पहिल्यांदा चूक बाहेर येईल तेव्हा पूर्ण शाखा तुमच्याकडे बघत असेल. तुम्ही पालकांसमोर, पत्रकारांसमोर किंवा संचालकांच्या केबिनमध्ये "माझ्या क्लार्कने केलं" म्हणालात की संपलं, ती बातमी चहाच्या टपरीवर तुमच्या आधी पोचते. "शाखेकडून चूक झाली, दुरुस्त करतोय, अमुक तारखेला सुधारित गुणपत्रिका मिळेल" असं म्हणा आणि आत येऊन दार लावून त्या माणसाला काय ऐकवायचं ते ऐकवा. मात्र चूक आणि लबाडी यात गल्लत नको. गुणांत फेरफार, पेपरची गोपनीयता, पैसे, असा वास जरी आला तरी पाठीशी घालायचं नाही, त्याच दिवशी लेखी वर कळवायचं.

तिसरं, त्यांच्या स्वतःच्या फाईली. हा माझा आवडता विषय आहे आणि यावर कोणी बोलत नाही. तुमच्या शाखेतल्या प्रत्येक कायम कर्मचाऱ्याची काही ना काही वैयक्तिक फाईल आस्थापना किंवा वित्त विभागात पडलेली असते, हे मी आस्थापनेत बसलेलो असल्यामुळे खात्रीने सांगतो. वैद्यकीय बिल, वेतननिश्चिती, फरकाची रक्कम, रजेचं खातं, सेवापुस्तकातली नोंद, आश्वासित प्रगती योजनेचा लाभ. ही आश्वासित प्रगती किती जिव्हाळ्याची आहे बघा, ज्याला वीस-पंचवीस वर्षं जागाच नाही म्हणून बढती मिळत नाही त्याला निदान वरची वेतनश्रेणी मिळावी म्हणून ही योजना, आणि तिच्यासकट बाकी मागण्यांवरून फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरच्या विद्यापीठ-कॉलेजांतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता, ठिकठिकाणी पेपर पुढे ढकलावे लागले. त्याच्या पुढच्याच महिन्यात जुन्या पेन्शनचा राज्यव्यापी संप. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला आणि आधी लागलेला असे दोघे शेजारी शेजारी बसून तेच काम करतात, आणि एकाला जुनी पेन्शन आहे, दुसऱ्याला नाही. हे तुम्ही सोडवू शकत नाही. पण शाखेतल्या प्रत्येकाची अडलेली वैयक्तिक प्रकरणं एका कागदावर लिहून घेऊन महिन्यातून एकदा आस्थापनेत स्वतः जाऊन बसणं तुम्हाला जमतं. प्राध्यापक माणूस, विभागप्रमुख, क्लार्कच्या मेडिकल बिलासाठी चौथ्या मजल्यावर आला हे कोणीच विसरत नाही. यात काही मेहेरबानी नाही, त्यांच्या हक्काचंच आहे, फक्त तुमच्या खुर्चीला ते पटकन मिळतं.

कंत्राटी मुलांचं वेगळं बोलायला हवं. ती रात्री आठपर्यंत बसतात याचं तुम्ही कौतुक केलंय, मला मात्र काळजी वाटली. ११ महिन्यांची ऑर्डर, मध्ये एक-दोन दिवसांचा ब्रेक, किंवा एजन्सीमार्फत, आणि पुढच्या वर्षी नाव यादीत असेल की नाही माहिती नाही, म्हणून ती बसतात. भीतीने केलेलं काम वेगाने होतं पण त्यात चुका झाकल्या जातात, आणि परीक्षा विभागात झाकलेली चूक सगळ्यात महाग पडते. त्यांच्याशी वागताना पहिला नियम, कायम करू असं गाजर चुकूनही दाखवू नका. सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या उमादेवी निकालानंतर नुसती वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा रस्ता जवळपास बंद आहे, आणि तरी दर नवा साहेब आशा लावून जातो. त्याऐवजी ठोस करा. एजन्सीकडून पगार कोणत्या तारखेला होतो, पीएफ खरंच भरला जातोय का, याची चलनं मागवा, मूळ नियोक्ता म्हणून ती जबाबदारी शेवटी विद्यापीठावरही येते, आणि पोरांना आपापलं पीएफ पासबुक मोबाईलवर बघायला शिकवा. स्पर्धा परीक्षेचा पेपर असेल त्या दिवशी सुट्टी, कपात न करता कशी देता येईल ते नियमात बसवून बघा. अनुभवाचा दाखला देताना "डेटा एन्ट्री" असं मोघम न लिहिता नेमकं काय काम केलं ते लिहा, बाहेर नोकरी मिळवताना त्याचा उपयोग होतो. आणि पासवर्ड! कायम माणसाचा लॉगिन कंत्राटी पोरगा वापरतोय हे तुमच्याकडेही चालू असणार, पैज लावतो. ते उद्याच बंद करा, कारण गडबड झाली तर लॉगिनवाला म्हणणार मी केलं नाही आणि पोराला रात्रीतून काढून टाकतील.

निकालाच्या दिवसांत उशिरा थांबावं लागतंच. कायद्यात परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावायचा आहे, तेव्हा धावपळ टळत नाही. पण थांबणाऱ्यांत कायम आणि कंत्राटी दोन्ही असले पाहिजेत, महिला थांबल्या तर घरी जायच्या गाडीची सोय आधी, आणि नियमात बसणारं मानधन किंवा बदली रजा त्याच महिन्यात. पुढच्या मार्चपर्यंत लटकवलेलं मानधन हा अपमान वाटतो, रक्कम किती आहे याला महत्त्व नसतं.

आता जो खरोखर टाळतो त्याच्याबद्दल. वरचं सगळं केल्यावर तो उघडा पडतो, कारण त्याच्या लपायच्या जागा गेलेल्या असतात. त्याच्याशी एकट्यात बोला, घरात काही आहे का ते आधी विचारा, आजारपण, दारू, कर्ज, खूपदा काहीतरी असतंच. त्यानंतरही नाही झालं तर काम लेखी द्या, मुदत लेखी द्या, झालं नाही तर लेखी विचारा. राग नको, आवाज नको, नुसता कागद. वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवालात जे खरं ते लिहा. आपल्याकडे सगळ्यांना "चांगला" किंवा "अतिउत्कृष्ट" लिहून मोकळं व्हायची सवय आहे, त्याने राबणाऱ्याचं नुकसान होतं. पण सुप्रीम कोर्टाने २००८ च्या देव दत्त खटल्यात सांगितलंय की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे तो आक्षेप घेऊ शकतो. तेव्हा वर्षभराचा कागद हातात नसेल तर मार्चमध्ये अचानक "क" लिहिण्याचा आगाऊपणा करू नका, तो अहवाल टिकणार नाही आणि पुढची दोन वर्षं तो तुम्हाला हसेल. हेच दुसऱ्या बाजूनेही, चांगल्या माणसाबद्दल नुसतं "मेहनती" न लिहिता कोणतं काम, कोणत्या अडचणीत, कसं उरकलं ते लिहा, बढतीच्या समितीपुढे तीच ओळ वाचली जाते.

संघटनेला घाबरू नका. कामवाटपाचा आदेश काढण्याआधी पदाधिकाऱ्यांना बोलावून मसुदा दाखवा, परवानगी म्हणून नाही, माहिती म्हणून. समन्यायी वाटपाला उघड विरोध करणं त्यांनाही अवघड असतं, कारण त्यांच्या सभासदांतच राबणारे जास्त आहेत. बहुतेक भांडणं आदेश आयत्या वेळी भिंतीवर चिकटलेला दिसला म्हणून होतात.

बायोमेट्रिक आणि कॅमेऱ्यांचं विचारलंत. गोपनीय कक्षात, स्ट्राँगरूममध्ये, कॅप सेंटरवर कॅमेरे हवेतच, ते सुरक्षेसाठी. टेबलांवर रोखलेले कॅमेरे मात्र माणसाला खुर्चीत बसवतात, फाईल पुढे ढकलत नाहीत. बायोमेट्रिक ठेवा, पण एक खटकणारी गोष्ट सांगतो, रागावू नका. अंगठा फक्त क्लार्कने लावायचा आणि प्राध्यापकांनी यायचं तेव्हा यायचं, हे रोज दिसत असतं. तुम्ही स्वतः शाखेत कधी बसणार ते ठरवा, उदाहरणार्थ रोज साडेतीन ते साडेपाच, दारावर लावा आणि पाळा. सह्यांसाठी माणूस फाईल घेऊन तुमच्या डिपार्टमेंटच्या दाराशी उभा, आत तुमचं लेक्चर चालू, यात त्याचा अर्धा दिवस जातो आणि त्यालाच तुम्ही पेंडन्सी विचारता.

यातूनच शिक्षक-शिक्षकेतर दरीचा विषय येतो. प्राध्यापकाला परिषदांना जायला ड्युटी लीव्ह, रिफ्रेशर कोर्स, कॅसखाली (प्राध्यापकांची ठरावीक टप्प्यांनी बढतीची योजना) प्रमोशन. लिपिकाला तीस वर्षांत एखादं ट्रेनिंग मिळालं तर नशीब. कोणी शिकवत नाही आणि मग नवं सॉफ्टवेअर आलं की "यांना जमत नाही". २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात ऑनलाईन उत्तरपत्रिका तपासणी घाईने आणली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. त्यातून मी एवढंच घेतलं की नवी सिस्टिम येताना जो रोज नोंदी करतो त्याला डेमोच्या वेळी पहिल्या रांगेत बसवा. व्हेंडर सांगतो सगळं होतं, आणि लिपिक विचारतो "साहेब, एका विद्यार्थ्याने मध्येच कॉलेज बदललं तर?" आणि व्हेंडर गप्प. आता नवीन शैक्षणिक धोरणामुळे क्रेडिट, मेजर-मायनर, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (विद्यार्थ्याचे क्रेडिट साठवणारं ऑनलाईन खातं) असं सगळं टेबलावर आदळतंय, जुन्या पॅटर्नचे बॅकलॉगवालेही आहेतच, तेव्हा ट्रेनिंग मागाच. मंजुरी कशी मिळवायची तर नॅकच्या सहाव्या निकषात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचाही हिशोब मागितलेला असायचा, तो मुद्दा टिपणीत लिहा, आयक्यूएसीवाले (विद्यापीठाचा गुणवत्ता कक्ष) स्वतः पाठिंबा देतात. पुण्यातल्या यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी पाठवता आलं तर उत्तमच, नाहीतर तुमच्याच शाखेतल्या सगळ्यात जाणत्या कक्षाधिकाऱ्याला महिन्यातून एक तास बाकीच्यांना शिकवायला सांगा, आणि तो शिकवत असताना तुम्ही समोर बसा.

तर क्रम असा ठेवा: आधी टेबलांशी बसणं, मग कामांची यादी आणि वाटपाचा आदेश, मग नमुना टिपण्या, आणि त्यांच्या वैयक्तिक फाईली पहिल्या दिवसापासूनच. गोपनीय अहवालाचं हत्यार सगळ्यात शेवटी.

हे सगळं किती चालेल ते तुमचा कार्यभार किती दिवसांचा आहे यावरही आहे. तीन महिन्यांसाठी असाल तर कामवाटपाला हातच लावू नका, अर्धवट बदललेलं वाटप पुढच्या माणसाला फार त्रास देतं, फक्त नमुना टिपण्या आणि अडलेल्या वैयक्तिक फाईली करा. वर्षभर असाल तर वाटप करा आणि परिणाम दिसायला पूर्ण सत्राची वाट बघा. आणि दोन्ही बाबतीत, अजून केली नसेल तर या आठवड्यात एक गोष्ट उरकून घ्या, तुम्ही कार्यभार घेतला त्या दिवशी प्रत्येक टेबलावर किती प्रकरणं प्रलंबित होती त्याची टेबलनिहाय यादी, संबंधितांच्या सहीसह, एक प्रत तुमच्याकडे, एक संचालकांकडे. उद्या विचारणा झाली तर जुनं किती आणि तुमच्या काळातलं किती हे दिसलं पाहिजे, तुमच्यासाठीही आणि त्या टेबलवाल्यांसाठीही. यादी करताना काही अडलं तर इथेच विचारा, राखीव निकालांचा तक्ता कसा आखायचा ते लिहून देतो.